नवऱ्याचा फक्त मोबाइल नंबर

२५ मे हा जागतिक थायरॉइड दिवस. २०२५ मध्ये तो रविवारी आला, म्हणून आमच्या मुलुंड पूर्वेला एका हॉलमध्ये थायरॉइड तपासणीचं फुकट शिबिर झालं. शिबिर एका फर्टिलिटी सेंटरचं होतं, फॉर्म भरून घ्यायचं काम आमच्या महिला मंडळाकडे. सेंटरचं नाव लिहीत नाही, कॉमेंटमध्ये विचारूही नका. बाहेर गुलाबी फ्लेक्स लावला होता: आई होण्यात अडचण? आधी थायरॉइड तपासा. पावसाने त्या वर्षी मेमध्येच गाठलं (दुसऱ्याच दिवशी मुंबईत मान्सून आल्याचं जाहीर झालं), त्यामुळे दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग आणि आत ही गर्दी.

मी टेबलाशी बसले आणि फॉर्मचा गठ्ठा समोर आला. नाव, वय, वजन, लग्नाला किती वर्षं झाली, पाळी नियमित येते का, आधी मिसकॅरेज झालंय का, माहेरी कुणाला थायरॉइड आहे का. एवढं सगळं बाईबद्दल. नवऱ्याबद्दल दोनच रकाने: त्याचं नाव आणि त्याचा मोबाइल नंबर. तो नंबर कशासाठी हे तुम्हाला कळलंच असेल. पॅकेजचा फोन त्यालाच जाणार.

साडेदहाच्या सुमारास एक काकू सुनेला घेऊन आल्या. सून सत्तावीस-अठ्ठावीसची, लग्नाला तीन वर्षं. मी फॉर्म भरत होते आणि काकू कुणाला तरी म्हणाल्या, "थायरॉइडच निघू दे बाई एकदाचा. म्हणजे काय आहे ते कळेल तरी."

त्यात दुष्टावा नव्हता. खरंच काळजीने बोलत होत्या. पण मी पेन खाली ठेवलं, कारण हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, आमच्या घरात २०१७ साली बोललं गेलं होतं. तेव्हा थायरॉइड माझा निघाला.

तर ही गोष्ट त्याची. बरीच वर्षं लिहायचं टाळलं होतं.

आमचं लग्न २०१४ च्या डिसेंबरमधलं. २०१६ पासून आम्ही मुलासाठी प्रयत्न करायला लागलो. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची. नोकरी चकाल्याला, म्हणजे सकाळी मुलुंडहून स्लो लोकल, घाटकोपरला उतरायचं, पुलावरून मेट्रोच्या रांगेत लागायचं आणि संध्याकाळी तेच सगळं उलटं. त्या वर्षी मी फार दमायला लागले होते. केस गळायचे, पाळी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी यायची, ऑफिसच्या एसीत मी एकटी स्वेटर घालून बसायचे. पण घाटकोपर स्टेशनवर सकाळी पावणेनऊला उभं राहून बघा, कोण दमलेलं नसतं? कुणालाच आजार वाटला नाही, मलाही नाही.

वर्ष उलटल्यावर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. टीएसएच ११.४. लॅबच्या कागदावर नॉर्मल म्हणून साधारण ४.५ पर्यंतचा आकडा होता. अँटिबॉडीही वाढलेल्या. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटते, त्याला हाशिमोटो म्हणतात, तो प्रकार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गळ्याशी असलेली ही ग्रंथी शरीराचा वेग ठरवते. ती मंदावली की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी तिला जोरजोरात हाका मारते, ती हाक म्हणजे टीएसएच. म्हणून ग्रंथी सुस्त असेल तर टीएसएचचा आकडा वर जातो. हाका फार वाढल्या की त्याबरोबर कधी कधी प्रोलॅक्टिनही वाढतं, बीज वेळेवर तयार होत नाही, पाळी लांबते. म्हणजे थायरॉइडमुळे दिवस राहायला अडचण येते हे खोटं नाही. आणि उपाय अगदी स्वस्त आहे. लेव्होथायरॉक्सिनची गोळी दीड-दोन रुपयांना पडते, देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे.

स्वस्त आहे, पण तिचे नखरे आहेत. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब ठेवायच्या, नाहीतर ही शोषली जात नाही. हे शेवटचं मला सहा महिन्यांनी कळलं. तोवर मी तिन्ही गोळ्या एकत्र घेत होते, सकाळी सव्वासहाला, डबा भरता भरता. चिठ्ठीवर तिन्ही एकाखाली एक लिहून दिल्या होत्या, मी तशाच एकत्र गिळल्या. केमिस्टने सांगितलं नाही, डॉक्टरांनी सांगितलं नाही, सांगितलं ते लेडीज डब्यातल्या भांडुपच्या एका बाईने. लेडीज डब्यावर एकदा वेगळं लिहायला हवं.

असो. निदान झालं त्या दिवशी घरात काय झालं ते सांगते. सगळ्यांना हायसं वाटलं! सासूबाईंनी रात्री चार फोन केले: "तिला थायरॉइड निघालाय, गोळी चालू केलीय, आता होईल." माझ्या आईने बोरिवलीहून फोनवर रडून घेतलं आणि मग म्हणाली, "बरं झालं गं, साधंच निघालं." नवऱ्याच्या चेहऱ्यावर मी वर्षभरात पहिल्यांदा सुटका बघितली. आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. गुन्हेगार सापडला होता. तो माझ्या गळ्यात राहत होता, एवढंच.

तीन महिन्यांत टीएसएच २.१ वर आला. मूल हवं असेल तर तो अडीचच्या खाली असावा असं डॉक्टर म्हणायचे, तो होता. पाळी एकोणतीस-तीस दिवसांवर आली. केस थांबले, स्वेटर कपाटात गेला. थायरॉइडने त्याच्या वाटणीचं काम केलं होतं.

दिवस काही राहिले नाहीत.

इथून पुढचे चौदा महिने मी सगळ्यात जास्त चिडून आठवते. कारण थायरॉइड एकदा सापडला म्हटल्यावर शोध संपला होता. प्रत्येक महिन्याला पाळी आली की कुणीतरी विचारायचं, "गोळी चुकली का?" कोबी बंद झाला, फ्लॉवर बंद झाला (शिजवलेल्या कोबीने कुणाचं एवढं काही बिघडत नाही, पण सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला होता). एका आत्यांनी कांचनार गुग्गुळ आणून दिलं आणि म्हणाल्या, ती इंग्रजी गोळी सोडून दे. सुदैवाने मी ती सोडली नाही. सोनोग्राफी पाळीच्या नवव्या, अकराव्या, तेराव्या दिवशी, सकाळी आठची वेळ, मग धावत घाटकोपर, मग मेट्रो, मग साहेबांचा चेहरा. नळ्या मोकळ्या आहेत का बघायची एक्स-रे तपासणी झाली, ती किती दुखते हे ज्यांची झालीय त्यांना माहीत आहे. आणि या प्रत्येक वेळी नवरा बाहेर बाकावर माझी फाइल मांडीवर घेऊन बसलेला. चांगला माणूस आहे. पाणी आणायचा, रिक्षा बघायचा.

त्याची तपासणी झाली नव्हती.

कुणीच सांगितली नाही असंही नाही. एकदा डॉक्टरांनी चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, "पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळी माझा टीएसएच ३.६ आला आणि सगळी चर्चा त्यावर गेली. सासूबाईंना मी एकदा म्हटलं, आई, यांचीही एक तपासणी करून घेऊया का, तर त्या खरोखर गोंधळल्या. "त्याला काय झालंय? थायरॉइड तुला आहे ना?" आणि मी गप्प बसले. मला पटलंही होतं बहुतेक. आजार असलेली मी, मग दोष माझाच असणार, हे गणित मी स्वतःच सोडवून ठेवलं होतं. त्याबद्दल मी कुणाला बोल लावू?

२०१८ च्या पावसाळ्यात आम्ही डॉक्टर बदलले. घाटकोपरच्या एक वयस्कर बाई. त्यांनी माझी जाडजूड फाइल शेवटपर्यंत चाळली, परत पहिल्या पानावर आल्या आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाल्या, "तुमचा कागद कुठे आहे?"

वीर्याची तपासणी. दोन ते सात दिवसांचा संयम पाळायचा, लॅबमध्ये नमुना द्यायचा, संध्याकाळी रिपोर्ट. काही शे रुपयांचं काम. सुई नाही, दुखणं नाही, हाफ डे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या पुस्तिकेप्रमाणे मिलिलिटरला दीड कोटी शुक्राणू ही खालची मर्यादा धरत. आमचा आकडा आला तीस लाख. दोन आठवड्यांनी परत केली, अठ्ठावीस लाख. तपासल्यावर व्हेरिकोसील निघालं, म्हणजे वृषणाच्या शिरा फुगलेल्या. हे पुरुषांत बरंच आढळतं आणि त्याचा दोषही कुणाचा नसतो.

त्या दिवशी घाटकोपरहून मुलुंडपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. घराच्या दारात, किल्ली लावता लावता म्हणाला, "घरी सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. ही पोस्ट लिहायचं खरं कारण हेच आहे. मी सात वर्षं सांगितलं नाही. मधल्या काळात प्रत्येक बारशाला, डोहाळजेवणाला, गणपतीत, "हिला थायरॉइड आहे ना" हे वाक्य माझ्या देखत बोललं गेलं आणि मी मान डोलावली. माझा आजार सगळ्या नात्यागोत्यात माहीत होता आणि त्याचा आमच्या कपाटाच्या लॉकरमध्ये होता. वास्तविक माझा एका गोळीने ताब्यात आला होता.

आज लिहिण्याआधी हे सगळं त्याला वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आकडाही लिही. नुसतं कमी म्हटलंस तर लोक काहीही समजतील." म्हणून आकडा लिहिला आहे.

पुढचं भरभर सांगते. ऑपरेशनचा विचार झाला, पण शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात, सुधारणा दिसायला त्याहून जास्त, आणि तोवर मी बत्तिशीला येत होते. २०१९ मध्ये टेस्ट ट्यूबच्या मार्गाने गेलो, ज्यात एक शुक्राणू सुईने बीजात सोडतात तो प्रकार. पावणेदोन लाख आणि वर औषधं. आमच्या आरोग्य विम्याने हात वर केले. तेव्हा फार वेळा मनात यायचं की भारतातल्या टेस्ट ट्यूब बाळाची ६ ऑगस्ट १९८६ ची ती प्रसिद्ध बातमी कुठल्या पंचतारांकित सेंटरमधली नव्हती, ती परळच्या केईएममधली होती. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळचीच आयसीएमआरची प्रजनन संशोधन संस्था, म्हणजे महापालिकेचं रुग्णालय आणि सरकारी संस्था. तिथून सुरू झालेली गोष्ट आज आमच्या उपनगरांत स्टेशनाबाहेरच्या फ्लेक्सवर ईएमआयसह विकली जाते.

दिवस राहिले. चाचणी पॉझिटिव्ह आली त्याच दिवशी डॉक्टर बाईंनी थायरॉइडची गोळी वाढवली, आठवड्याला सातऐवजी नऊ. हे कारण सांगण्यासारखं आहे. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी नीट काम करत नसते, ते आईच्याच हार्मोनवर असतं, म्हणून आईची गरज पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढते, आणि ती पहिल्या काही आठवड्यांतच वाढते. आपल्याकडे बायका पहिल्यांदा डॉक्टरकडे जातात तोवर दोन महिने झालेले असतात. गोळी चालू असलेल्यांनी मूल ठरवतानाच डॉक्टरांशी हे बोलून ठेवावं. स्वतःच्या मनाने मात्र गोळ्या वाढवू नका.

आठव्या आठवड्यात ठोके थांबले.

त्या आठवड्यातला माझा टीएसएच १.८ होता. मी तो कागद जपून ठेवला आहे. तरीसुद्धा घरी आल्यावर पहिलं वाक्य ऐकलं ते थायरॉइडचंच. मी डॉक्टर बाईंना विचारलं, खरं सांगा, माझ्या अँटिबॉडींमुळे झालं का? त्या म्हणाल्या, पहिल्या तीन महिन्यांतली निम्म्याहून जास्त मिसकॅरेज गुणसूत्रांच्या गडबडीने होतात, त्यात आईने काही केलेलंही नसतं आणि तिला काही करताही आलं नसतं. अँटिबॉडी असलेल्यांत मिसकॅरेज थोडी जास्त दिसतात हे खरं. पण २०१९ मध्येच ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आला. अँटिबॉडी आहेत पण टीएसएच नॉर्मल आहे अशा ९५२ स्त्रिया घेतल्या, निम्म्यांना थायरॉइडची गोळी दिली, निम्म्यांना नुसती साखरगोळी. मूल झाल्याचं प्रमाण एका गटात ३७.४ टक्के, दुसऱ्यात ३७.९. फरक नाहीच. म्हणजे टीएसएच वाढलेला असेल तर गोळी हवीच, पण आकडा नॉर्मल असताना तोच तोच थायरॉइड दाखवून कुणी महागडं काही गळ्यात मारत असेल तर दोनदा विचार करा.

आणि रजा. मी चौथ्या दिवशी कामावर गेले. सिक लीव्ह संपली होती आणि ऑफिसमधल्या एचआरच्या मुलीने "याला वेगळी रजा नसते मॅम" असं सांगितलं. असते. तेव्हा लागू असलेला मातृत्व लाभ कायदा, १९६१, कलम ९: मिसकॅरेजनंतर सहा आठवडे पगारी रजा, डॉक्टरांचा दाखला दिला की. आजारपण लांबलं तर त्याच कायद्याच्या कलम १० प्रमाणे आणखी महिनाभर मिळायची. मला हे कळलं तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. ज्या कुणाला उपयोग होईल तिने स्क्रीनशॉट काढून ठेवा. माझ्या ऑफिसमधल्या त्या मुलीलाही माहीत नव्हतं, तिच्यावर राग नाही, तिला शिकवणाऱ्यावर आहे.

२०२० च्या फेब्रुवारीत दुसरा प्रयत्न. लागला नाही. मार्चमध्ये सगळंच बंद झालं. पुन्हा सुरू झालं तेव्हा आम्ही दोघांनी एका रात्री गच्चीत बसून ठरवलं की बस.

आता थोडं सार्वजनिक. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईसह आठ शहरांतल्या साधारण ११ टक्के प्रौढांची थायरॉइड ग्रंथी मंदावलेली निघाली, बायकांत प्रमाण बरंच जास्त. म्हणजे लेडीज डब्यात आपल्या आजूबाजूला कितीतरी जणी आहेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०१४ ची मार्गदर्शक सूचना सगळ्या गरोदर बायकांची नाही, पण वंध्यत्व किंवा मिसकॅरेजचा इतिहास असलेल्यांची टीएसएच तपासणी करा असं म्हणते. तेव्हा शिबिरं व्हावीत, मी स्वतः टेबल लावून बसेन. पण मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचंही काही ना काही कारण असतं. मग "आई होण्यात अडचण" अशा नावाच्या शिबिरात फक्त बायकांच्या दंडाला पट्टी का बांधतात? मी त्या दिवशी सेंटरच्या माणसाला हे विचारलं. तो हसून म्हणाला, "मॅडम, जेन्ट्सना बोलावलं तर कुणी येणारच नाही."

बरोबर आहे त्याचं. पण बोलावून तर बघा.

तर त्या काकू. सुनेचं रक्त घेऊन झालं, दोघी चहा घेत होत्या. मी जवळ गेले आणि म्हटलं, "काकू, हिचा रिपोर्ट काहीही येवो, मुलाचीही एक तपासणी करून घ्या. दोघांची एकदमच करतात." काकू लक्ष देऊन ऐकत होत्या. बऱ्यापैकी मानही डोलावत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला किती मुलं?"

"नाही मला."

"अगं बाई," काकू म्हणाल्या, आणि कप खाली ठेवला. "थायरॉइड?"

मी "हो" म्हटलं. सवयीने. सात वर्षांची सवय. काकूंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला, बघ, वेळेत आलो ते बरं झालं, अशा अर्थाचा, आणि दोघी दाराकडे गेल्या.

मी टेबलाशी येऊन बसले. चिडले होते, स्वतःवर. दोन मिनिटांत सून एकटीच परत आली. छत्री राहिली म्हणाली, पण छत्र्या दाराशी होत्या.

"ताई, त्या तपासणीचं नाव काय म्हणालात?"

मी एक कोरा फॉर्म उलटा केला आणि पाठीमागे लिहून दिलं. सीमेन अ‍ॅनालिसिस. दोन ते सात दिवस. कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये. त्याखाली लिहिलं, माझ्या नवऱ्याचा होता, माझा नाही.

तिने ते वाचलं, कागदाची चार घड्यांची चौकोनी पुडी केली आणि मोबाइलच्या कव्हरमागे सरकवली.

"यांना यावं लागेल ना पण स्वतःला?" तिने विचारलं.

"हो. त्यांनाच यावं लागेल."